फ्रेंचचे तीन प्लॉट

"उचल चिठ्ठी," बन्सीअप्पा म्हणाले आणि त्यांनी स्टीलचा डबा बायकोपुढे धरला.

छबूबाई ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. "कशाची? सरपंचपदाचं आरक्षण काढताय व्हय?"

"फ्रेंचची. उचल आधी."

छबूबाईंनी ओल्या हातानेच चिठ्ठी उचलली. तीत 'व्हिडिओ' लिहिलेलं होतं. सोनईच्या चौकात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या फैयाजला 'ॲप' आलं. उरलेली चिठ्ठी अप्पांची. तिच्यात 'पुस्तक' होतं. अप्पांनी तिन्ही नोंदी वहीत केल्या, १७ नोव्हेंबर अशी तारीख घातली आणि खाली सही ठोकली.

बन्सी दहातोंडे यांची बत्तीस वर्षं राहुरीच्या कृषी विद्यापीठात गेली होती. हरभरा आणि ज्वारीच्या वाणांच्या चाचण्या सांभाळणं हे त्यांचं काम. कोणतं वाण सरस, हे तिथे कुणी गप्पा मारून ठरवत नसे. सारखे प्लॉट पाडायचे, कोणत्या प्लॉटात काय पेरायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, खतपाणी सारखं ठेवायचं आणि शेवटी वजन करायचं. निवृत्तीनंतर अप्पांनी घरची चहापत्तीसुद्धा याच रीतीने निवडली होती. त्यासाठी गल्लीतल्या आठ माणसांना सहा रविवार दोन-दोन कप चहा पाजला होता. त्यांतल्या दोघांची पित्तं खवळली, तीही वहीत नोंदलेली होती.

फ्रेंचचं कारण दिवाळीत निघालं. मुलगा आदिनाथ पाच वर्षांपासून फ्रान्समध्ये इंजिनिअर होता. एलोडी नावाच्या मुलीशी त्याचं जमलं होतं. लग्न सोनईत, ११ फेब्रुवारीला करायचं ठरलं. मुलीचे वडील जेरार, सत्तर गायींचे धनी, पहिल्यांदाच भारतात येणार होते. सगळं सांगून झाल्यावर आदिनाथ फोनवर म्हणाला, "अप्पा, आम्ही तिथंच घर घेतोय. त्यांच्या गावाजवळ."

"चांगलं झालं," अप्पा म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी ते फैयाजच्या दुकानात गेले आणि फ्रेंच शिकायला काय काय मिळतं ते विचारू लागले.

"शिकता कशाला, अप्पा? मोबाईलमधी मराठी बोला, त्यो फ्रेंचमधी सांगतो. न्हाईतर आदिनाथ हायच की."

अप्पांनी दुकानात दुसरं कुणी नाही हे पाहून घेतलं. "आपल्या पोरीच्या, जयाच्या लग्नात मी श्रीगोंद्याच्या पाव्हण्यांना काय म्हनलो हुतो? पोरगी पदरात टाकतोय, सांभाळून घ्या. आता पोरगं चाललंय. मंग मला म्हनाया नको? अन् ते आदिनाथच्याच तोंडून वदवू? सासऱ्याला सांग, मला सांभाळा म्हनून? का मांडवात मोबाईल पुढं धरू?"

फैयाजने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "मंग तेवढं एकच वाक्य पाठ करा."

"अन् त्यांनी उलटून काही इचारलं तर? नंदीबैलावानी मान हलवू? भाषा आली पायजे. फकस्त कशानं लवकर येती, ते आधी काढू."

अडचण अशी होती की एका जमिनीत एक पीक घेतलं की तिचा कस बदलतो. मग दुसऱ्या पिकाशी तुलना खरी होत नाही. डोक्याचंही तसंच. म्हणून तीन डोकी लागणार होती. फैयाजचं डोकं तिथल्या तिथे मिळालं. छबूबाईंना कारण सांगितलं गेलं नाही. 'पाव्हण्यांशी बोलाया' एवढंच त्यांना कळलं.

एकवीस दिवस रोज चाळीस मिनिटं, हे प्रमाण ठरलं. अप्पा सकाळी पुस्तक घेऊन बसत. ते नगरच्या बसस्टँडवरून आणलेलं होतं आणि त्यातली पहिली साठ पानं फ्रेंच शिकणं किती सोपं आहे हे सांगण्यात गेली होती. फैयाज गिऱ्हाईक नसताना ॲपवर बोटं मारी. छबूबाई भाकरी थापताना मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवत आणि त्यातल्या चष्मेवाल्या बाईला "थांब गं माय, दम खा," असं बजावत.

८ डिसेंबरला वीस शब्दांची परीक्षा झाली. अप्पा सहा, फैयाज अकरा, छबूबाई अठरा.

अप्पांनी चष्मा पुसला. हरभऱ्याला एवढी तफावत त्यांनी कधी पाहिली नव्हती. "खरं सांग. दुसरीकडनं काही घेतलंय का?"

"न्हाई बाई."

"छबू."

"ती एलोडी करती फोन रईवारी," छबूबाई म्हणाल्या. "आमी बोलतो उगं. ती मला पिठलं इचारती, मी तिला तिचं इचारते."

अप्पांनी वही मिटली. "चाचणी रद्द. प्लॉटात बाहेरचं बी पडलं."

"अहो, पण मला येतंय ना!"

"कशानं आलं, ते कळत न्हाई ना!"

दुसरी चाचणी १० डिसेंबरला सुरू झाली. परीक्षेचे शब्द नवे होते आणि छबूबाईंना एलोडीशी फ्रेंच बोलायला बंदी होती. चौदाव्या दिवशी फैयाजला डेंग्यू झाला. वहीत नोंद झाली: 'प्लॉट क्र. २ रोगग्रस्त, उत्पादन नाही.' अप्पा दवाखान्यात नारळपाणी घेऊन गेले आणि पलंगाशेजारी बसून म्हणाले, "शब्द ध्यानात हायेत का काही?"

"अप्पा, मला माझी बायको कोन हाय ते ध्यानात यीना."

तिसरी चाचणी १५ जानेवारीला सुरू झाली आणि ४ फेब्रुवारीला विनाअडथळा पूर्ण झाली. अप्पांनी दोन दिवस खपून अकरा पानांचा अहवाल लिहिला. निष्कर्ष स्वच्छ होता: तिन्ही साधनांमध्ये व्हिडिओ सरस. शिफारस: रोज चाळीस मिनिटे, किमान सहा महिने.

शेवटची ओळ लिहून झाल्यावर त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. लग्नाला पाच दिवस उरले होते.

संध्याकाळी ते फैयाजच्या दुकानासमोर येऊन उभे राहिले. तापाने निम्मा झालेल्या फैयाजने न विचारताच कागद काढला. वाक्य त्याने नोव्हेंबरातच उतरवून ठेवलं होतं, देवनागरीत. अप्पांनी ते पाच दिवस पाठ केलं. गोठ्यात, न्हाणीघरात, आणि मंडपवाल्याशी भांडता भांडताही.

११ फेब्रुवारीला सोनईच्या मंगल कार्यालयात व्याहीभेटीसाठी दोघांना समोरासमोर उभं करण्यात आलं. जेरार सव्वासहा फूट उंच होते, वर गुलाबी फेटा. त्या भागात व्याही गळाभेट घेतात आणि मग एकमेकांना उचलतात. पाहुणे मोबाईल काढून सज्ज होते. "अप्पा, कंबर सांभाळा! मंडपवाल्याची क्रेन आनू का?" कुणीतरी ओरडलं.

गळाभेट झाली. अप्पांनी तोंड उघडलं, आणि वाक्य गेलं. पहिला शब्दही राहिला नव्हता. जेरार हसऱ्या चेहऱ्याने वाट पाहत होते. अप्पांनी दोनदा घसा खाकरला. शेवटी ते मराठीतच म्हणाले, "पोरगं तुमच्या पदरात टाकतोय. सांभाळून घ्या."

जेरारनी शेजारी उभ्या आदिनाथकडे पाहिलं. आदिनाथचे कान लाल झाले. तो घाईने चार शब्द बोलला. जेरारचा चेहरा खुलला. त्यांनी पोटावरून गोल हात फिरवला, जेवणाच्या हॉलकडे बोट दाखवलं आणि जिलेबीसाठी बोटांची मुद्रा करून ती ओठांशी नेली.

अप्पांना समजलं, पोराने जेवणाचं काहीतरी सांगून वेळ मारून नेली होती. त्यांनी मुलाकडे पाहिलं. आदिनाथ स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

अप्पांनी त्याचं मनगट धरलं. "मों फिस," ते म्हणाले. माझा मुलगा. पुढे क्रियापद हवं होतं. ते आलं नाही. मग त्यांनी ते मनगट जेरारच्या हातात दिलं.

जेरारचं हसू थांबलं. त्यांनी आदिनाथकडे पाहिलं, मग अप्पांकडे. "वुई," ते हळू म्हणाले. हो. मनगट त्यांनी सोडलं नाही.

"उचला की! उचला!" मागून ओरडा सुरू झाला. बँडवाल्याने झांज वाजवून पाहिली.

"अप्पा, इकडं बघा," फोटोग्राफर म्हणाला.

अप्पांनी बघितलं नाही. मोकळा झालेला हात कुठे ठेवावा हे न कळून ते सदऱ्याची वरची गुंडी लावत होते. ती लागलेलीच होती.