मी बूस्ट, केदारखेड्याच्या रानातला

मी बूस्ट बोलतोय. हो, इंग्रजीच! पण बिचकू नका, आपली रोजची गाठ आहे. मोबाइलला रेंज नसली की तुम्ही बूस्टर शोधता. फवारणीचं औषध देताना दुकानदारही सांगतो, "हे मारा, सोयाबीनला बूस्ट मिळंल."

माझा जन्म अमेरिकेतला, दोनशे वर्षांपूर्वीचा. आईबाप कोण, हे शब्दांची कुळं शोधणाऱ्या विद्वानांनाही नक्की सापडलेलं नाही. चढणाऱ्याला खालून रेटा देऊन वर चढवायचं, हे माझं पहिलं काम. पुढं लोकांनी मला विजेचा दाब वाढवायला लावलं, विक्री वाढवायला लावलं. काहींनी तर दुकानातला माल लांबवण्याच्या धंद्यातही ओढलं! शाळेत मात्र माझी ओळख एवढीच, 'वाढवणे'.

केदारखेड्यात आठवीतल्या आकांक्षाच्या वाट्याला मी आलो तो शाळेच्या स्पर्धेत. एका इंग्रजी शब्दावर मराठीत बोलायचं होतं. गेल्या वर्षी ती माईकपुढं गप्प झाली आणि रडत खाली उतरली. यंदाही तसंच झालं तर पुन्हा स्टेजवर जायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. मला तर धडकीच भरली. पोरगी माझ्यापायी कायमची गप्प बसायची!

रविवारी ती आईबरोबर कापूस वेचायला गेली. वेचताना पाठांतर चालूच.

"काय पुटपुटून राह्यली गं?" वंदनानं, तिच्या आईनं विचारलं.

"बूस्ट म्हणजे वाढवणे, बूस्ट म्हणजे..."

"ते मंग म्हण. आधी गठुड्याला हात लाव. जल्दी!"

आकांक्षानं गुडघ्याचा टेका दिला, दोन्ही हातांनी कापसाचं गठुडं खालून उचललं आणि आईच्या डोक्यावर चढवलं. मी हरखून गेलो. अहो, हाच तर मी! इथल्या रानात कुणी 'हात लावा' म्हणालं की जाणाऱ्यानं थांबायचं, ओझं चढवून द्यायचं आणि आपल्या वाटेनं निघायचं. आभार कुणी मानत नाही.

स्पर्धेच्या दिवशी व्हायचं तेच झालं. आकांक्षा 'वाढवणे'पर्यंत आली आणि अडली. सगळं पाठांतर उडालं. माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात मंडपात मागं उभ्या असलेल्या वंदनानं दोन्ही तळहात वर करून, गठुडं उचलावं तसे हळूच वर नेले.

पोरगी हसली. "माझ्या आईचं गठुडं मोठं असतंय," ती म्हणाली, "एकटीला डोक्यावर घेता येत न्हाई. मी खालून हात लावते. बूस्ट म्हणजे तेच." मग ती थांबलीच नाही!

दुसरा नंबर आला. परत येताना बांधावर शेजारच्या रानातल्या चांगुणाबाई गठुड्यापाशी वाट बघत उभ्या दिसल्या. त्यांनी हाक मारायच्या आत आकांक्षानं बक्षिसाचा कप आईच्या हाती दिला आणि ती धावली.

तर मंडळी, माझा अर्थ पाठ झाला नाही तरी चालेल. बांधावर कुणी उभं दिसलं, तर तेवढा हात लावून पुढं जा.