बोट गोदीत असताना

सुकी गोदी म्हणजे समुद्राच्या कडेला बांधलेला प्रचंड हौदच. कप्तानाची बोट त्यात शिरली, मागचा लोखंडी दरवाजा लागला, पंप धडधडायला लागले. पाणी उतरत गेलं तशी बोट अलगद लाकडी ठोकळ्यांवर टेकली आणि एरवी कुणाच्या नजरेला न पडणारं तिचं पोट उघडं पडलं. शेवाळ, शिंपले, गंज. तळाचा एक पत्रा इतका कुजला होता की गोदीप्रमुखाने हातोडी मारली ती सरळ आरपार गेली.

"वेळेवर आणलीत," गोदीप्रमुख म्हणाला. "भर समुद्रात फाटली असती म्हणजे?"

ही बोट समोरच्या बेटावरची माणसं, भाजी, गॅसचे सिलिंडर, सगळ्याची ने-आण करायची. ती गोदीत असेपर्यंत एक छोटी लाँच फेऱ्या मारत होती. बेटावर कप्तानाची ताई राहायची. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. त्याच्या मिशा पिकल्या तरी फोनवर ती आधी "जेवलास का" विचारायची आणि मग बाकीचं.

कुजलेला पत्रा कापून काढला, त्याच दिवशी वारा उठला. लाँचच्या फेऱ्या बंद झाल्या. दुपारी भाऊजींचा फोन आला.

"अरे, ताई तुझी... चहा ओतता ओतता पडली. तोंड वाकडं झालंय, उजवा हात हलत नाही. नर्सबाई म्हणतात मेंदूत गुठळी असणार. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या म्हणतात, जेवढा उशीर तेवढं वाईट."

"हेलिकॉप्टरसाठी विचारलंत?"

"या वाऱ्यात उडत नाही म्हणे. लाँचवाला हात जोडतोय. तू ये रे. तुझी बोट येते अशा वाऱ्यात."

येत होती, हे खरंच होतं. याहून खवळलेल्या समुद्रातून त्याने ती कितीदा नेली होती.

कप्तान धावतच गोदीप्रमुखाकडे गेला. "पाणी सोडा. बोट बाहेर काढायचीय."

काय झालं ते गोदीप्रमुखाने ऐकून घेतलं. मग तो त्याला जिना उतरून बोटीखाली घेऊन गेला. पत्रा काढलेल्या जागी दाराएवढं भगदाड होतं. त्यातून इंजिनाची खोली दिसत होती.

"वरून एखादा पत्रा ठोका ना, तात्पुरता!"

बाजूला बसलेला वेल्डर उठला. "कप्तानसाहेब, तळाला बाक आहे. सपाट पत्रा बसायचा नाही. नवा पत्रा अजून वाकवायला टाकलाय. कितीही घाई केली तरी उद्या संध्याकाळ."

"आणि ते बघा," गोदीप्रमुखाने मागे हात केला. त्याच गोदीत मोठी जहाजं ओढणारी एक टगबोट उभी होती. तिचा पंखा दांड्यासकट काढून ठेवला होता आणि तिथलं भोक उघडंच होतं. "दरवाजा उघडला तर दोघीही इथेच बुडतील. तुमची ताई तिकडेच राहील."

कप्तानाने वेल्डरपुढे हात जोडले. वेल्डर पार ओशाळला. "असं नका करू हो," म्हणाला आणि भगदाडाच्या कडा घासायला बसला. त्याच्याही हातात दुसरं काही नव्हतं.

पुन्हा फोन वाजला. "ती काहीतरी सांगतेय," भाऊजी रडवेले झाले होते. "मला काही कळत नाही. तू ऐक, तुला कळेल. धर."

"बंद करा! मशीन बंद करा!" कप्तान ओरडला. घासणं थांबलं, हातोड्या थांबल्या, सगळ्या गोदीत चिडीचूप झालं. त्याने फोन कानावर दाबून धरला. ताईचा आवाज होता, पण त्यात शब्द नव्हते. नुसते घोगरे, तुटके हुंकार, पुन्हा पुन्हा तेच, मग चिडून जोरात.

त्याला काहीही कळलं नाही.

"हो ताई," तो म्हणाला. "हो गं. करतो."

वारा पडला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. लाँचने तिला आणलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण फार उशीर झाला. बोलणं आणि हात कितपत सुधारेल, सांगता येत नाही. दवाखान्याच्या बाकावर कप्तानाने विचारलं, "काय सांगत असेल हो ती?"

"गॅस बंद करा, असंच म्हणत असेल," भाऊजी म्हणाले आणि हसायला गेले, पण हसू फुटलं नाही.

गोदीत पाणी सोडलं तेव्हा सगळे इंजिनाच्या खोलीत वाकून बघत होते. नवा पत्रा कोरडा ठणठणीत राहिला. बोट ठोकळ्यांवरून उचलली गेली, दरवाजा उघडला, ती बाहेर पडली. पुढे दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर ताई त्याच बोटीने घरी निघाली. भाऊजींनी तिला खिडकीपाशी बसवलं, शालीचं टोक खोचलं. कप्तान तिच्यासमोर उकिडवा बसला. फोनवर आपण कशाला हो म्हणालो, ते त्याला अजून ठाऊक नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

मागून लोकांनी आवाज दिला, "कप्तान, निघायचं ना?"

तो उठला आणि इंजिन चालू करायला गेला.