वालुकाशिलेवरचं नाव

वाळवंटातली सकाळ उमलत नाही, पेटते. अरिझोनाच्या त्या निर्जल, निर्वृक्ष पठारावर साडेनऊलाच ऊन पांढरंफटक झालं होतं. त्या उन्हाखाली धरणी एका जागी उकलली होती, एका अरुंद, नागमोडी, ताम्रवर्ण भेगेत.

त्या भेगेत लोखंडी शिडीने सव्वीस माणसं उतरली. सगळी मराठी, सगळ्यांच्या डोक्यावर टूर कंपनीच्या पिवळ्या टोप्या. त्यांत कोल्हापूरचे पद्माकर सबनीस होते, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, आणि त्यांची पत्नी वैदेही. त्या दिवशी त्यांच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. पद्माकरांनी ते बसमध्ये माइकवरून सांगितलं होतं, आणि टाळ्या घेतल्या होत्या.

आत सूर्य नव्हता, नुसता प्रकाश होता. वर, फार वर, आभाळाची एक निळी रेघ. तिथून ऊन झिरपत यायचं, या भिंतीवरून त्या भिंतीवर सांडत यायचं, आणि येता येता रंग बदलायचं. माथ्याशी केशरी, मध्ये आरक्त, तळाशी जांभळं. पाण्याने युगानुयुगं चाटून गुळगुळीत केलेल्या त्या शिळा शिळा वाटतच नव्हत्या. वाऱ्यावर हललेलं रेशीम हलता हलताच थांबलं होतं.

वाट दाखवायला लीआन होती. साठीची, करड्या वेणीची, हळू बोलणारी. या दऱ्या तिच्या लोकांच्या, इथल्या मूळनिवासी नवाहोंच्या. तिच्यासारख्या वाटाड्याशिवाय इथे कोणाला पाऊल टाकता येत नसे.

“हात लावू नका,” ती म्हणाली. “ही थांबलेली वाळू आहे. बोटानेसुद्धा झिजते.”

वैदेहीने हात ओढणीखाली घेतले.

पण मागे लसणीच्या शेवेचं पाकीट फुटलं, आणि तेलकट बोटं त्या रेशमी भिंतीला टेकली. कोणी प्रतिध्वनीसाठी शिट्टी मारली. कोणी खाकरलं, थुंकलं, आणि चपलेने वर वाळू ओढली. अत्तर, घाम आणि लसूण यांचा एक कोंदट, चिकट वास त्या शीतल शिलागर्भात भरून राहिला. वैदेहीने पदरासारखी ओढणी नाकाशी धरली.

लीआन पुढच्या वळणाआड गेली, तेव्हा पद्माकर थांबले.

“वैदेही, घराची किल्ली दे जरा.”

तिने पर्स उघडली आणि दिली. कशाला, असं विचारलं नाही. चष्मा, रुमाल, गोळ्या, छत्री. त्यांचा हात पुढे आला की वस्तू द्यायची, हे तिच्या हाताला छत्तीस वर्षांत पाठ झालं होतं.

खर्र. खर्र. आरक्त भिंतीतून आरक्त भुकटी गळू लागली. पद्माकरांच्या जिभेचं टोक दातांत आलं होतं, कपाळावर घाम डवरला होता. वेलांटी त्यांनी मोठ्या प्रेमाने वळवली. मग मागे सरून, मोबाइल उंच धरून, ते हसले.

“बघ. मी जाईन, तू जाशील. हे राहील.”

वैदेही. हातभर लांब, ओबडधोबड, पांढुरकं. तिचंच नाव. आणि एखाद्या निरोगी, नितळ अंगावर उठलेल्या खरजेसारखं ते तिला दिसलं. तिला नखशिखांत शिसारी आली.

लीआन परतली. नावाखाली तिने तळहात धरला, त्यात भुकटी पडत राहिली.

“कोणी केलं? काय लिहिलंय?”

सव्वीसही जणांना ते वाचता येत होतं. एकटीला येत नव्हतं.

टूर मॅनेजर जयवंत पुढे आला. त्याच्या तोंडावर विमानतळावरचं, हॉटेलातलं, रोजचं हसू होतं. “मॅडम, ते देवाचं नाव आहे. आमची श्रद्धा. चुकलं, पण भक्तीने झालं.”

पद्माकरांनी लगेच हात जोडले. जोडलेल्या बोटांना लाल भुकटी लागलेली होती. आणि एकामागून एक, पिवळ्या टोप्या डोलल्या. हो. देवाचं. हो, हो.

लीआनचा चेहरा निवळला. तिने क्षणभर विचार केला. आणि त्या परक्या अक्षरांपुढे, न कळणाऱ्या त्या देवापुढे, तिने आपली करडी मान किंचित लववली.

ती लवलेली मान पाहून वैदेही पुढे झाली.

“देव नाही,” ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. एकेक शब्द सुटा, कोरडा. “मी. ते माझं नाव. यांनी लिहिलं. किल्ली मी दिली.”

लीआनने तिच्याकडे पाहिलं. आभार मानले नाहीत, रागावलीही नाही. कमरेचा वायरलेस काढून दोन वाक्यं बोलली आणि शिडीकडे बोट दाखवलं. दरी अजून अर्धी उरली होती. ती कोणीच पाहिली नाही.

वर दोन तास उन्हात उभं राहावं लागलं. अधिकारी आले, फोटो काढले, पद्माकरांचा पासपोर्ट पाहून कागद भरला. पुन्हा इथे यायचं नाही, असं बजावलं. पिवळ्या टोप्या सावली शोधत कुजबुजत होत्या. एक बाई मुद्दाम मोठ्याने म्हणाली, “स्वतःच्या नवऱ्याला कोणी असं उघडं पाडतं का?”

बसमध्ये पद्माकर दातांतल्या दातांत म्हणाले, “आजच तोंड उघडायचं होतं तुला?”

“फार उशिरा उघडलं,” वैदेही म्हणाली.

तिला राधानगरीचा रस्ता आठवला. पद्माकरांच्या जीपखाली सापडलेला सायकलवाला, आणि पद्माकर पोलिसांना खोटंच सांगत होते, तोच आडवा आला. पोलिसाने तिच्याकडे पाहिलं होतं. तेव्हा तिने होकाराची मान हलवली होती. त्या पिवळ्या टोप्यांसारखीच, सहज. किळस नुसती त्यांची नव्हती. तिला स्वतःच्या मानेची किळस आली.

ती उठली. “अहो, सरका,” म्हणून सीटमधून बाहेर पडली, आणि ड्रायव्हरमागच्या रिकाम्या जागेवर एकटी जाऊन बसली.

बऱ्याच वेळाने पद्माकर आले, सीटची पाठ धरून उभे राहिले. आवाज मऊ झाला होता. “तुझ्यासाठीच केलं गं मी.”

वैदेहीने मान वळवली नाही.

काचेपलीकडे, दूरच्या सपाट डोंगरमाथ्यावर एक ढग फुटला होता. जांभळ्या धारा खाली निघाल्या, लोंबल्या, झुलल्या, आणि तापल्या हवेत, वाटेतच, विरून गेल्या. वर पाऊस पडत होता, खाली पोचत नव्हता. धरणी कोरडी होती, लाल होती, लांबवर पसरली होती.