नटावरची लाल रेघ

बाबा गेल्यापासून त्यांची जुनी गाडी शेडमध्ये धूळ खात उभी होती. रविवारी ती टेकडीचा चढ चढून परत आली तर घरात राहील, नाही आली तर दादाने आणलेलं गिऱ्हाईक ती घेऊन जाईल, असं आईने एकदाचं ठरवून टाकलं. दादाला तेच हवं होतं. गाडी गेली की शेड त्याच्या दुकानाच्या मालाला मोकळी होणार होती. धाकटी वाद घालत बसली नाही, पाना घेऊन कामाला लागली.

टाकीकडून येणारा पेट्रोलचा पाइप गंजून त्याची पार चाळण झाली होती. तिने नवा पाइप कापला, त्याचं तोंड फुलवलं आणि पितळी नट आवळून तो सांध्यात बसवला. टेप-बिप काही नाही. ज्याला तोंड नीट फुलवता येत नाही तोच टेप गुंडाळतो, असं बाबा म्हणायचे. शेवटी नटावरून सांध्यावर तिने नेलपॉलिशची लाल रेघ ओढली, तीही खालच्या अंगाला, गाडीखाली झोपणाऱ्यालाच दिसेल अशी. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. ही पद्धतही बाबांचीच.

तेव्हा उजेडासाठी बॅटरी दादाने धरली होती. कपडे मळतील म्हणून शेडकडे कधी न फिरकणारा दादा शनिवारी दुपारी चक्क जमिनीवर आडवा झाला. "मलाही शिकव की," म्हणाला. धाकटीला भरून आलं, आणि वेडीने सगळं शिकवलं.

रविवारी सकाळी आईने हट्टच धरला, मीही बसते म्हणून.

"तुझे गुडघे, आई," दादाने दोनदा अडवलं. पण आई ऐकतेय कसली.

अर्ध्या चढावर इंजिन आचके देत बंद पडलं आणि पेट्रोलचा भपकारा आला. धाकटीने आईला आधी बाहेर ओढलं. गाडी ढकलत शेडमध्ये आणली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "जाऊ दे तिला आता."

धाकटी गाडीखाली शिरली. सांध्यातून थेंब थेंब पेट्रोल गळत होतं, आणि वीतभर अंतरावर सायलेन्सर अजून गरम होता. रेघ मात्र सरळ, अखंड. तिने नटाला बोट लावलं, तर तो बोटानेच फिरला.

मग तिला दिसलं. नटाच्या दुसऱ्या कडेला, खाचेत, जुन्या रेघेचा लाल कण राहून गेला होता. कोणीतरी नट सैल केला होता, तिची रेघ खरवडली होती आणि नवी ओढली होती, हुबेहूब तिच्यासारखी. परक्याने रेघेकडे लक्षही दिलं नसतं. भाऊ शिकायला आला म्हणून आपण किती हरखलो, याची तिला आता लाज वाटली.

"सापडलं का काही?" दादाने वाकून विचारलं.

"खाली ये. बॅटरी धर."

तो आला. तिने बोटाने आधी नवी रेघ दाखवली, मग तो कण. दादाने बॅटरीचा उजेड बाजूला वळवला.

"आई होती रे गाडीत," ती म्हणाली.

"मी तिला अडवलं होतं, दोनदा," दादा घाईघाईने म्हणाला. "मला वाटलं, तू एकटीच जाशील."

धाकटीने पाना लावून नट पुरता आवळला. मग त्याच्याकडे न बघता तिने हात पुढे केला.

"बॅटरी दे इकडे. माझी मी धरते."