पडद्यावरचा पाय

सोनिया गायकवाड अंबरनाथच्या बुवापाडा वस्तीत वाढली आणि मुंबईतल्या एका वैद्यकीय संशोधन विद्यापीठात शास्त्रज्ञ झाली. वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमांसाठी तिने आणि तिच्या विभागाचे प्रमुख गंधार सर यांनी एक मलम तयार केलं. त्याला यंदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अंबरनाथच्या एका मंडळाने दोघांचा सत्कार ठेवला.

पुढच्या रांगेत सोनियाचे हिरामणमामा बसले होते. कारखान्यात अ‍ॅसिड सांडून त्यांची पोटरी जळाली होती. जखम सतत वाहायची. शेजारी नाकाला रुमाल लावून जायचे. मलमाच्या चाचणीत मामाही होते. सोनियाने स्वतः ती जखम धुतली होती, त्यातल्या अळ्या वेचून काढल्या होत्या. पण तिला कधी किळस वाटली नाही. आता पाय भरून आला होता आणि मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बनूमामीबरोबर भाचीचा सत्कार बघायला आले होते.

गंधार सरांनी भाषण सुरू केलं आणि मागच्या मोठ्या पडद्यावर फोटो आला. उघडी, पू भरलेली पोटरी आणि वर मामांचा चेहरा. वेदनेने तोंड वासलेलं, डोळ्यांतून पाणी. मामांचा चष्मा घरी राहिला होता; त्यांना नुसता पाय ओळखू आला.

सभागृहातून "ईऽऽ" असा आवाज आला. कुणी हातातली समोशाची प्लेट खाली ठेवली. कुणी मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतला.

"असा पेशंट पॉश एरियात मिळत नाही," गंधार सर हसत म्हणाले. "त्यासाठी असल्या वस्तीतच यावं लागतं. आमच्यासाठी ही सोन्याची खाण आहे!"

लोक हसले. वस्तीतलेही हसले. सोनियाला किळस वाटली.

"हिरामण आलाय ना? ये रे वर!" सरांनी हाक मारली.

मामा सरांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. ते लगबगीने स्टेजवर गेले. मंडळाचा प्रीतम माइकवरून ओरडला, "काका, पँट वर घ्या ना! पब्लिकला दिसू दे!"

मामांनी वाकून पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. गंधार सरांनी पोटरीवर बोट ठेवून ती लोकांना दाखवली, फोटो काढून घेतले आणि मग खिशातून रुमाल काढून बोट पुसलं. अगदी सहज.

सोनिया उठली. "मामा, पँट खाली करा."

"अगं थांब, अजून फोटो व्हायचेत," सर म्हणाले.

"सर, चेहरा दाखवायचा नाही असं आपण त्यांना कबूल केलं होतं. तो फोटो पडद्यावरून काढा."

"आपल्याच लोकांत कसली लाज?" मग माइकवर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "सीन नको करूस. पुरस्कारात तुझंही नाव आहे."

तिने लॅपटॉपची वायर उपटली. प्रीतम शाल घेऊन धावला. शाल न घेताच सोनिया मामा-मामीला घेऊन बाहेर पडली.

रिक्षात मामा रागावले. "चारचौघांत एवढ्या मोठ्या माणसाला असं बोलतात का? त्यांच्यामुळंच पाय वाचला ना?"

ते खरंच होतं. पण सरांनी बोट पुसलेला तो रुमाल सोनियाच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता.

घरी पोचेपर्यंत बनूमामीच्या मोबाइलवर तोच फोटो आला होता. वस्तीच्याच ग्रुपवर कुणीतरी टाकला होता, खाली हसण्याची चिन्हं. मामांनी चष्मा लावला, मोबाइल हातात घेतला आणि फोटो मोठा करून बघितला.

"सोनू, यात मी रडतोय गं," ते म्हणाले. "हे सगळ्यांनी बघितलं?"

सोनियाने विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडे तक्रार केली. गंधार सरांनी समितीला इंग्रजीत खेद कळवला आणि तिथेच प्रकरण मिटलं. मामांची माफी मागायला बुवापाड्यात कुणी आलं नाही. सरांच्या आवाजानेही तिला शिसारी येऊ लागली, तेव्हा तिने दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. तिथे यंत्रं जुनी आहेत, माणसं कमी आहेत. तिचं काम चालू आहे.

मामा आता नाक्यावर चहाला जात नाहीत. कुणी दारात येऊन पायाची चौकशी केली, तर "बरा आहे" एवढंच म्हणतात आणि आत निघून जातात.