ओव्हनमधला उसासा

स्वयंपाकघरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कोणी ओट्याला टेकून, कोणी दारात दाटीवाटीने, तर कोणी पार बाहेरच्या खोलीत टाचा उंचावून उभं होतं. सगळ्यांचे डोळे कपाटात बसवलेल्या ओव्हनवर खिळले होते. गेलेल्या माणसांशी बोलणं करून देणाऱ्या, करड्या शालीतल्या माईंनी तो बराच वेळ तापवून नुकताच बंद केला होता. त्याच्या वरच्या पत्र्याच्या पट्टीवर कोपर टेकून त्यांनी डोळे मिटले.

"आलीस का गं?" माईंनी विचारलं आणि कोपर जरासं सावरलं.

बंद ओव्हनमधून एक लांब, थकलेला उसासा आला. लोकांच्या अंगावर सर्रकन काटा उभा राहिला.

हातातली बॅग खाली ठेवायचंही भान नसलेली घरची मुलगी दारात उभी होती. ती परगावी शाळेत विज्ञान शिकवायची. आई गेल्याला वर्षही झालं नव्हतं, आणि ओव्हनमध्ये तिचाच आत्मा येतो असं माई सांगत. बाबांनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्यात, ते ओव्हनशेजारी फरशीवरच झोपतात, असा शेजाऱ्यांचा फोन आला तशी ती निघून आली होती. गोळ्यांनी म्हणे आत्म्याचा कान बंद होतो. कोणाच्या आत्म्याचा, हे माईंनी सांगितलं नव्हतं. "मायेची ऊब, उबेची वाट, वाटेवरचा श्वास" असं त्या घडाघडा बोलून जात, आणि अर्थ लावण्याचं काम ऐकणाऱ्यांच्या गळ्यात पडे.

पण तो उसासा मुलीलाही ओळखीचा वाटला. दिवसभर केक भाजून दमलेली आई खुर्चीत टेकताना अगदी असाच श्वास सोडायची.

मग समोरच्या घरातल्या काकू पुढे सरकल्या. त्यांचा मुलगा बोटीवर कामाला गेला होता, तो परतलाच नव्हता. माझं पोर तुझ्याजवळ आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. माईंनी प्रश्न केला, होकाराचा उसासा आला, आणि काकूंनी तोंडाला पदर लावला. थोड्या वेळाने माईंनी पत्र्यावरून तळहात फिरवला आणि "निघाली ती" म्हणाल्या. पाठोपाठ आवाज विरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात बापलेक दोघंच होते. मुलीने ओव्हन लावला आणि शेजारी स्टूल घेऊन बसली. सुरुवातीला काहीच आवाज नव्हता. ओव्हन चांगला तापल्यावर कण्हणं सुरू झालं, आणि ओव्हन बंद केला तरी ते थांबेना. म्हणजे दोष तापणाऱ्या तारेत नव्हता आणि आतली हवा फिरवणाऱ्या पंख्यातही नव्हता. ती दोन्ही ओव्हनबरोबरच बंद झाली होती. कपाटात बसवलेल्या ओव्हनच्या डोक्यावर आणखी एक पंखा असतो. आजूबाजूचं लाकूड करपू नये म्हणून तो गरम हवा बाहेर ढकलतो, आणि ओव्हन बंद केल्यावरही पत्रा निवेपर्यंत फिरत राहतो. मग आपला आपण थांबतो. माई तळहाताने नेमकं तेच चाचपत होत्या.

हा पंखा असतो हे बाबांना कुठून माहीत असणार? ओव्हन ही आईची हद्द. तिच्या माघारी तो कित्येक महिने बंद होता, आणि पुन्हा लावला तेव्हा पहिल्यांदा कण्हला होता.

"बाबा, इथे कोपर ठेवा," ती म्हणाली. "जरा दाबून."

बाबांनी दाबलं. कण्हणं थांबलं.

"आता उचला."

उसासा आला. बाबांनी पुन्हा दाबलं, पुन्हा उचललं. पंखा थरथरत होता, त्याच्याबरोबर सैल पत्रा वाजत होता, आणि त्या पत्र्यावर वजन पडलं की गप्प होत होता. बाबा किती तरी वेळ ते करत राहिले. शेवटी त्यांनी कोपर बाजूला घेतलं आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे हो म्हणायची ती माई," ते हळूच म्हणाले.

ओव्हन पूर्ण निवल्यावर मुलीने वीज तोडली, स्क्रू काढले आणि दोघांनी मिळून तो बाहेर ओढला. पंखा बोटाने फिरवला तर अडखळत होता. पात्यांवर पिवळट, चिवट थर बसला होता. वर्षानुवर्षांचं उडालेलं पीठ, साखर आणि लोण्याची वाफ वाळून घट्ट झाली होती. एका बाजूला थर जाड, म्हणून तोल गेलेला. मुलगी खरवडायला लागली तेव्हा बाबांनी तिचा हात धरला.

"थोडं राहू दे की गं."

तिला पुढचं दिसेना. पण ती म्हणाली, "बाबा, हा अडकला तर कपाट पेटेल. आणि तुम्ही इथेच झोपता." त्यांनी हात सोडला. तिने पाती साफ केली, वंगण दिलं, सैल पत्रा आवळला. ओव्हन पुन्हा तापवला तेव्हा पंखा नुसता वाऱ्यासारखा फिरला. घर एकदम मोकळं वाटलं, नको तितकं मोकळं. बाबा खाली बसले आणि हमसून हमसून रडले. अंत्यविधीला त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

संध्याकाळी माई मंडळी घेऊन आल्या. मुलीने काढलेला थर दाखवला, सगळं समजावून सांगितलं. नास्तिकाच्या हाताने आत्मा हुसकला गेला, असं म्हणून माईंनी शाल सावरली. निम्मे लोक त्यांच्यामागून निघालेसुद्धा. काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"मग माझ्या पोराचं काय?" त्यांनी विचारलं.

बाबा उठून उंबऱ्यात आले. त्यांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

"तो पंख्याचा आवाज होता. मी स्वतः वाजवून बघितला. माझी बायको वारली आहे. ती बोलत नाही, बोलणार नाही. तुमचं माणूस गेलं असेल तर रडा, माझ्याकडे येऊन रडा. पण कोणी त्याचा आवाज ऐकवतो म्हणाला, तर आधी झाकण उघडून आत बघा."

माणसं हळूहळू पांगली. काकूंना धरून बाबांनी आत आणलं, खुर्ची पुढे केली, आणि मुलीला म्हणाले, "चहा टाक. आणि माझी गोळी दे."