थिएटरातली झील

वर्ध्याजवळच्या त्या मेडिकल कॉलेजात मेंदूच्या ऑपरेशनांचा विभाग म्हणजे सुरुवातीला सर्जरी वॉर्डाच्या टोकाच्या दोन खाटा आणि मध्ये एक हिरवा पडदा. डोकं फुटलेला माणूस आला की त्याला गाडीत घालून नागपूरकडे रवाना करायचं, आणि बुटीबोरी जिवंत ओलांडली तर देवाची कृपा म्हणायची, अशी रीत. ती रीत डॉ. कैलास ढगेने मोडली. हिंगणीचा हा शेतकऱ्याचा पोरगा शिकून परत आला आणि डीनच्या दारात ठाण मांडून त्याने आधी टेबल मिळवलं, मग मायक्रोस्कोप, मग वेगळा आयसीयू.

"ढगे सर येऊन राह्यले म्हटलं की डीनसाहेब मागच्या दारानं निघतेत," असं जयवंता सिस्टर म्हणायची.

तरीही मेंदूशल्यक्रियेच्या पुढच्या शिक्षणाच्या जागा काही मंजूर होईनात. विभागाचं नाव व्हायला हवं होतं.

अशात वासुदेवबुवा आले. ज्यांच्या कीर्तनाला पंचक्रोशीतला माणूस ताटावरून उठून जायचा, ते हिंगणीचे बुवा. लहानपणी कैलासने त्यांच्या मागे टाळ घेऊन झील धरली होती. बुवांनी चरण म्हणत आणायचा आणि मागच्यांनी तो उचलून घ्यायचा, ही झील. बुवांना ठसका लागो, श्वास कमी पडो, चरण खाली पडू द्यायचा नाही, हा झीलकऱ्याचा धर्म.

बुवांच्या डोक्यात डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला खेटून गाठ निघाली.

"बोलणं गेलं तं चालन रे कैलासा," बुवा म्हणाले. "तसंबी ही मनकर्णा घरी कुठं बोलू देते! पण माहं कीर्तन नको जाऊ देजो."

मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग तोच पदर त्यांनी डोळ्यांना लावला.

"बुवा, तुमाले जागं ठेवूनच ऑपरेशन करतो," कैलास म्हणाला. "तुमी गात राहा. मी बारीक विजेनं एकेक जागा चाचपतो. जिथं गाणं अडलं, ती जागा मी शिवत नाई. थोडी गाठ राह्यली तरी चालन."

"म्हणजे माह्या गाण्यानं तुले वाट दाखवायची."

"हो जी."

विभागातलं असं हे पहिलंच ऑपरेशन. डीनसाहेबांनी मुद्दाम कॅमेरावाला पाठवला.

त्या दिवशी हिरव्या चादरीखालून बुवांचा आवाज निघाला आणि थिएटरात कोणी भानावर राहिलं नाही. बुवांचं बोलणं तपासायला हाताखालची डॉ. आकांक्षा मधूनमधून चित्रांची कार्डं दाखवायची. बुवा "गाय", "बैलगाडी" असं सांगायचे आणि पुन्हा अभंगाला लागायचे. पहिल्या चरणाला जयवंता सिस्टरचे ओठ हलले. दुसऱ्याला भूल देणारे डॉक्टर गुणगुणले. पुढे तर सगळ्यांनीच झील उचलली, मास्कच्या आत, दबक्या आवाजात. कैलासचाही गळा त्यात होता. गैर काय त्यात? कीर्तनात तोंड मिटून बसलेला माणूस आपल्याकडे आजारीच समजतात. गाठ सगळी निघाली आणि बुवा शेवटपर्यंत गात राहिले.

तो व्हिडिओ महिनाभर फोनाफोनांवर फिरला. यवतमाळ, चंद्रपूरकडचे पेशंट "गाण्यावाल्या डॉक्टर"चा पत्ता विचारत येऊ लागले. शिक्षणाच्या जागा मंजूर झाल्या, चौथा मजला सगळा विभागाला मिळाला. घरी जाताना बुवांनी सगळी कार्डं बरोबर ओळखली होती. भाषेत दोष नाही, असा शेरा पडला आणि खाली कैलासची सही.

नव्या मजल्याच्या उद्घाटनाला बुवांचंच कीर्तन हवं, असा डीनचा हट्ट. म्हणून कैलास स्वतः हिंगणीला गेला. मारुतीच्या देवळात सप्ताह चालू होता आणि आजारानंतर बुवा पहिल्यांदाच उभे राहणार होते. देऊळ ओसंडून चाललं होतं. कैलास भिंतीशी बसला.

बुवांनी वीणा गळ्यात घातली, डोळे मिटले, चरण लावला. अर्ध्यावर आवाज थांबला. डोळे उघडले, ओठ उघडे, शब्द नाही. मृदंग वाट पाहत राहिला. मागच्यांनी लगेच झील उचलली, आणि काय सांगावं, बुवा तिला धरून खणखणीत शेवटापर्यंत गेले. दुसऱ्या चरणाला तेच. तिसऱ्यालाही तेच.

सवयीने कैलासही झील म्हणत होता. म्हणता म्हणता त्याला थिएटर आठवलं. गाठीच्या मागच्या काठाला वीज लावली तेव्हा बुवा असेच थांबले होते. त्याला वाटलं होतं, श्वास घेत असतील. आणि चरण खाली पडू नये म्हणून तो उचलला गेला होता, त्या वेळी सगळ्यांत आधी त्याच्याच गळ्यातून. बुवा त्या आवाजामागून गात सुटले. अन् त्याने तो काठ बिनघोर काढून टाकला.

बुवांनी वीणा उतरवली, शिष्याच्या, गोपालच्या गळ्यात घातली आणि मागे जाऊन टाळकऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. तिथून मात्र ते असे गायले की देऊळ हललं.

कीर्तन संपल्यावर मनकर्णाबाई जवळ आल्या.

"मागं उभं राह्यले की गातेत जी. पुढं आले की गाडी रुतते. अन् तुमच्या दवाखान्यात म्हणतेत, गाय वयखली, बैलगाडी वयखली, सारं ठीक हाये! गाय तं मीबी वयखतो, म्हणून मी कीर्तनकार झाली का?" मग त्यांचा आवाज उतरला. "कधी सुटन जी हे?"

"सुटन, काकू," कैलास म्हणाला. आपल्या तोंडून हे इतकं सहज निघालं, याचीच त्याला किळस आली.

तेवढ्यात बुवांनी गर्दीतून येऊन त्याचा हात धरला आणि त्याला पुढे ओढलं. कीर्तन झालं की बुवांच्या पाया पडायचं, ही इथली रीत. बुवा बाजूला सरले आणि लोकांना त्यांनी बोटाने कैलास दाखवला.

"बुवा, थांबा. ते थिएटरात..." कैलास म्हणाला.

"अरे, बुवाले यमाच्या दारातून आणलं यानं! आपल्या गावचा हाये!" कोणीतरी ओरडलं. जयजयकार झाला आणि माणसं वाकू लागली. आधी म्हातारे, मग बाया, मग हातात टाळ तसेच घेऊन झीलकरी. कैलासने पाय मागे घ्यायला पाहिलं. मागे भिंत होती.